घरी पैसे कसे पाठवावेत?

आपल्या समाजातील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीस आहे. दरमहा तेथून येणाऱ्या रकमेवर येथील घरखर्च, मुलांच्या फिया आणि वडीलधाऱ्यांची औषधे चालतात. ती रक्कम सुखरूप कशी यावी, याचा येथे थोडक्यात विचार करू.

आमच्या पाहण्यातील एक हकीकत सांगतो. एका मुलाने छपरासाठी साठविलेले पैसे, बँकेहून चांगला भाव देतो म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती दिले. माणूस गावचाच, पावती मागण्याचा संकोच वाटला. पैसे घरी पोचलेच नाहीत. दाद मागावी तर हाती कागद नाही. त्या पावसाळ्यात घर ताडपत्रीखालीच राहिले.

१८८० साली डाकखात्याची मनीऑर्डर सुरू झाली. तिच्यावर लोकांचा विश्वास बसला, कारण पाठविणाऱ्यास पावती मिळे आणि घेणाऱ्याच्या सहीची पोच परत येई. साधने बदलली तरी कसोटी हीच. ज्या मार्गाने पावती मिळत नाही, तो मार्ग आपला नव्हे.

हवाल्याचा मार्ग तर मुळीच धरू नये. १९९९ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे तो बेकायदेशीर आहे. पैसे बुडाले तर दाद मागता येत नाही, उलट चौकशी मात्र आपल्यामागे लागू शकते.

परवानाधारक बँक किंवा एक्स्चेंज यांतून निवड करताना केवळ फी पाहू नये. समजा, १,००० दिरहॅम पाठवावयाचे आहेत. एक ठिकाणी फी नाही, पण भाव २२ रुपये. घरी २२,००० पोचतील. दुसरीकडे फी २० दिरहॅम, पण भाव २२.६०; उरलेल्या ९८० दिरहॅमचे २२,१४८ होतील. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. विचारावयाचा प्रश्न एकच : घरी नक्की किती रुपये पोचतील?

रक्कम शक्यतो आईच्या किंवा पत्नीच्या स्वतःच्या खात्यात पाठवावी, शेजाऱ्याच्या वा दलालाच्या नव्हे. बँकेत रक्कम जमा होते ती मुख्यतः खाते क्रमांकावरून. म्हणून क्रमांक व आयएफएससी संकेत दोनदा ताडून पाहावेत. नव्या खात्यात प्रथम लहान रक्कम पाठवून, घरी विचारून, मगच मोठी पाठवावी.

घरच्या मंडळींनीही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पैसे मिळविण्यासाठी पिन अथवा ओटीपी कधीही द्यावा लागत नाही. जो मागतो तो ठक समजावा. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, आपली चूक नसताना त्रयस्थाने खात्यातून रक्कम काढली व बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळविले, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. स्वतःच पिन दिला असेल, तर मात्र कळवीपर्यंतचे नुकसान आपलेच.

ओळखीच्या माणसाकडे पावती मागणे हा अविश्वास नव्हे. परमुलखी घाम गाळून मिळविलेल्या पैशाचा तो मान आहे, एवढे प्रत्येक घराने मनाशी धरावे, ही आमची विनंती.