भूवेधी रडार आणि बृहत्पंचमुळांचे संग्रहण

बिल्व, श्योनाक, गंभारी, पाटला व अग्निमंथ यांची मुळे आपण काढ्यांत व अरिष्टांत नित्य योजतो. त्यांचे संग्रहण मात्र आजही अंदाजानेच चालते. दाभोळच्या डोंगरउतारावर काही वर्षांपूर्वी आम्ही एका शिवणीभोवती तीन बाजूंनी चर खणविले. मुळे हाती आली ती थोडीच, आणि पुढील पावसाळ्यात झाड आडवे झाले. चूक आमचीच होती. न खणता मुळाची दिशा कळेल काय, या विचाराने आम्ही भूवेधी रडारच्या अभ्यासाकडे वळलो.

हे यंत्र जमिनीवरून ढकलीत नेतात. ते रेडिओलहरींचे स्पंद मातीत सोडते. ओलसर मूळ व भोवतालची कोरडी माती यांच्या विद्युत्‌गुणांत अंतर असल्याने लहर परतते आणि पडद्यावर कमान उमटते. मूळ आडवे ओलांडले तरच ही कमान स्पष्ट होते. मुळे खोडापासून बाहेर पसरत असल्याने खोडाभोवती एकाबाहेर एक वर्तुळे आखून यंत्र फिरवावे. मुळांसाठी साधारणतः ४०० ते १५०० मेगाहर्ट्झ वारंवारता वापरतात. ती वाढविली की बारीक मूळ दिसते, परंतु खोली घटते.

चेक संशोधकांनी १९९९ मध्ये ओक वृक्षांची मुळे या रीतीने शोधली. अमेरिकेच्या आग्नेय भागातील प्रयोगांत (२००१) निचऱ्याच्या रेताड जमिनीत अर्ध्या मीटरच्या आतील अर्धा सेंटिमीटर जाडीची मुळेही ओळखता आली. चिकणमातीत मात्र लहर लवकर विरली. कोकणातील वैद्यांनी ही दुसरी गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. वाशिष्ठी खाडीकाठच्या खार जमिनीत क्षारयुक्त पाणी लहर शोषून घेते, तेथे यंत्र नेणे व्यर्थ होय. जांभ्यातील गोटे व पोकळ्या मुळासारखीच कमान दाखवितात.

खोलीचे गणितही ओलाव्यावर अवलंबून असते. कोरड्या मातीत लहर एका नॅनोसेकंदात सुमारे १० सेंटिमीटर जाते, ओल्या मातीत सुमारे ६. जाण्यायेण्यास १० नॅनोसेकंद लागले, तर मूळ पहिल्या मातीत ५० सेंटिमीटरवर, दुसऱ्या मातीत ३० वर असते. म्हणून एके ठिकाणी खणून माप ताडून घ्यावे. चरकाचार्यांनी कल्पस्थानात मुळांच्या संग्रहास ग्रीष्म किंवा शिशिर ऋतू सांगितला आहे. त्यांचा विचार वीर्याचा होता, यंत्राचा नव्हे. तथापि आपल्याकडे जमीन कोरडी असते तीही याच दिवसांत.

यंत्र मुळाची जात सांगत नाही. बेलाशेजारी ऐन असेल तर दोहोंच्या कमानी सारख्याच. तेव्हा मूळ खोडापर्यंत सलग मागे नेल्याखेरीज व साल, गंध, छेद पाहिल्याखेरीज ते औषधनिर्माणशाळेत घेऊ नये.

आमच्या मते या यंत्राचा खरा उपयोग काय काढावे यापेक्षा काय राखावे हे कळण्यात आहे. खोडालगतची जाड मुळे झाडाला धरून ठेवतात. शार्ङ्गधराच्या मते अतिस्थूल मुळांची केवळ त्वचा घ्यावी, सूक्ष्म मुळे सर्वच घ्यावीत. मग जाड मूळ तोडून त्यातील काष्ठ टाकून देण्याऐवजी, खोडापासून दूर गेलेली बारीक मुळे एकाच बाजूने घेणे इष्ट.

यंत्र महाग असते, एकट्या औषधनिर्मात्याने विकत घेण्याजोगे नव्हे. भूमिगत नळ व तारा शोधणारे सर्वेक्षक ते वापरतात. चार-पाच जणांनी मिळून एका दिवसासाठी त्यांना बोलवावे. काढलेला नकाशा झाडाच्या क्रमांकासह जपून ठेवावा, म्हणजे पुढील संग्रहाच्या वेळी दुसरी बाजू निवडता येते.