ड्राइव्हच्या लिंकची जावक नोंद

प्रश्न: आमची ४२ सभासदांची गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाला निघाली आहे. सल्लागारांनी सगळ्यांची कागदपत्रं मागितली. खजिनदारांच्या मुलाने स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर फोल्डर केला, प्रत्येकाचा करारनामा, शेअर सर्टिफिकेट, आधार आणि पॅन त्यात टाकलं आणि लिंक संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिली. तिथून ती सल्लागार, वकील आणि दोन बिल्डरांकडे गेली. आता सल्लागार बदललेत. मुलगा म्हणतो, लिंक इतकी लांबलचक आहे की ती कोणाला ओळखता येणंच शक्य नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मात्र भेटल्या की विचारतात, "माझं आधार कोणी बघितलं असेल का रे?" त्यांना काय सांगू? आणि बाहेरच्यांना कागद द्यायचे तरी कसे?
– सचिव, ठाणे

उत्तर: आजींच्या प्रश्नाकडे शेवटी येतो, कारण त्याआधी एक काम आजच व्हायला हवं. खजिनदारांच्या मुलाला जवळ बसवून तो फोल्डर उघडा, 'शेअर' दाबा आणि 'जनरल अ‍ॅक्सेस'खाली काय आहे ते बघा. 'एनीवन विथ द लिंक' असेल तर 'रिस्ट्रिक्टेड' करा. आतल्या एखाद्या फाइलची लिंक कोणी सुटी दिली असेल, तर ती फाइल वेगळी तपासा. ग्रुपवरचा मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' केला की लिंक बंद झाली, असं पुष्कळांना वाटतं. मेसेज जातो, दार उघडंच राहतं. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बंद केलेला फोल्डर काही महिन्यांनी पुन्हा 'एनीवन'वर नेलात, तर तीच जुनी लिंक पुन्हा चालू लागते, कारण फोल्डरचा पत्ता बदललेला नसतो. म्हणून नव्या सल्लागारांसाठी नवा फोल्डर करा.

मुलाचं म्हणणं निम्मं खरं आहे. गूगल ड्राइव्हच्या पत्त्यातली अक्षरं आणि आकडे अंदाजाने जुळवणं व्यवहारात अशक्यच. पण हे लांब लिंकांपुरतं. त्या आखूड करून देण्याची सोय असते, तिथे गणित बदलतं. २०१६ मध्ये मार्टिन जॉर्जिएव्ह आणि कॉर्नेल टेकचे विताली श्मातिकोव्ह या संशोधकांनी शेवटी ६ अक्षरं असलेल्या आखूड लिंका संगणकाकडून चाचपडून पाहिल्या. इंग्रजीतली लहानमोठी अक्षरं आणि आकडे धरून अशा ६ जागांच्या सुमारे ५६८० कोटी जुळण्या होतात. माणसाला तो डोंगर वाटेल, संगणकाला नाही. त्यांना वनड्राइव्हवरचे लोकांचे हजारो कागद सापडले. सापडलेल्या फोल्डरांपैकी सुमारे ७ टक्क्यांमध्ये तर कोणालाही नवी फाइल टाकता येत होती. वनड्राइव्हमधली लिंक आखूड करण्याची सोय त्याच वर्षी दिसेनाशी झाली.

लांब लिंकही वेगळ्या वाटेने फुटू शकते. २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्सने अशी एक गळती जाहीर केली होती. शेअर केलेल्या कागदात दुसऱ्या एखाद्या वेबसाइटची लिंक असे आणि वाचणारा तिच्यावर क्लिक करी. ब्राउझर तेव्हा त्या वेबसाइटला आपण कुठून आलो ते सांगे, आणि 'कुठून' म्हणजे त्या कागदाचाच पत्ता. ड्रॉपबॉक्सने ती वाट बंद केली. तुमच्या लिंकला मात्र इतकी चोरवाट लागलीच नाही. ती ग्रुपवरून बाहेर गेली आणि प्रत्येकाने पुढच्याला सद्भावनेनेच पाठवली.

कागद बाहेर द्यायचे कसे, याचं माझं उत्तर संस्थेच्या कपाटातच आहे. तुमच्याकडे आवक-जावक रजिस्टर असेल. मूळ कन्व्हेयन्स डीड वकिलांकडे पाठवताना तुम्ही तारीख घालता, नाव लिहिता, सही घेता, आणि कागद परत आला की पुन्हा नोंद करता. ड्राइव्हवरचा कागदही याच रीतीने बाहेर जायला हवा. 'शेअर'मध्ये लिंक न काढता माणसाचा ईमेल पत्ता घाला. मग तो माणूस स्वतःच्या खात्यातून आत आल्याशिवाय फाइल उघडत नाही, आणि लिंक पुढे पाठवली तरी दुसऱ्याला ती उपयोगाची नाही. वनड्राइव्हवर यासाठी 'स्पेसिफिक पीपल' असा पर्याय असतो. तिथे समोरच्याकडे मायक्रोसॉफ्टचं खातं नसलं तरी त्याच्या मेलवर एकवेळचा कोड जातो.

नाव घातलं की त्याला 'व्ह्यूअर' ठेवा. 'एडिटर' केलंत तर तो फाइल बदलू शकतो आणि, तुम्ही सेटिंगमधली खूण काढली नसेल तर, आणखी कोणालाही आत घेऊ शकतो. डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करण्याचीही सोय तिथेच आहे. तिने गैरवापर अवघड होतो, अशक्य होत नाही, कारण पडद्याचा फोटो काढता येतोच. एकदा उतरवून घेतलेला कागद कोणत्याही बटणाने परत येत नाही. म्हणून दिलं काय, याला मी सेटिंगपेक्षा जास्त महत्त्व देतो.

वकिलांना कन्व्हेयन्स आणि प्रॉपर्टी कार्ड लागेल, सल्लागारांना नकाशे आणि सदनिकांची क्षेत्रफळं. निविदा भरणाऱ्या बिल्डरला सभासदांचं पॅन कशाला? प्रत्येकाचा फोल्डर वेगळा ठेवा. फोल्डर शेअर केला की त्यात पुढे टाकलेली प्रत्येक फाइलही समोरच्याला आपोआप दिसते. आज नकाशे असलेल्या फोल्डरमध्ये पुढच्या महिन्यात कोणी बँकेचं स्टेटमेंट टाकलं, तर तेही गेलंच.

आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या. त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवता येतं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, आणि तुमच्या फोल्डरमध्ये तर प्रत्येक फाइलला सभासदाचं नाव दिलेलं असणार.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. करारनामा आणि आधार एकाच फोल्डरमध्ये आहेत. नोंदणी केलेल्या करारनाम्याच्या शेवटच्या पानांवर खरेदी-विक्री करणाऱ्यांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे असतात. देशात असे गुन्हे उघड झाले आहेत, ज्यांत नोंदणीच्या दस्तांवरून ठसे उचलले, त्यांचे नकली साचे केले आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्यांतून पैसे काढले. ठसा आणि आधार क्रमांक शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत देणं. बाहेर द्यायच्या प्रतीत ती पानं झाका, आणि कोणी पूर्ण प्रतच मागितली तर ती कार्यालयात समोर बसून पाहू द्या.

आणि हे सगळं खजिनदारांच्या मुलाच्या खात्यात नको. त्याने भल्या मनाने काम केलं, पण उद्या तो नोकरीसाठी परगावी गेला तर संस्थेचे कागद त्याच्याबरोबर गेले. संस्थेच्या नावाचं स्वतंत्र खातं काढा, दुहेरी पडताळणी चालू करा, पासवर्ड सचिव आणि अध्यक्ष या दोघांपाशी ठेवा. जावक रजिस्टरात एक नवं पान घाला: कोणाला, कोणती फाइल, कधी दिली, कधी बंद केली. ऑफिसच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यांत मुदत घालता येते आणि ती तारीख उलटली की दार आपोआप बंद होतं. तुमच्याकडे तसं खातं नसेल तर हे पान दर कमिटी मीटिंगला उघडा. हे उत्तर लिहिताना मी माझा ड्राइव्ह तपासला. व्हिसासाठी एका एजंटला दिलेली आईच्या पासपोर्टची लिंक ३ वर्षं उघडीच होती. माझ्याकडे असं पान नव्हतं. आता आहे.

आता आजी. त्यांना खरं सांगा. उघड्या लिंकवरून कोणी काय पाहिलं, याची नावनिशी फुकटच्या खात्यात मिळत नाही. 'कोणी नाही बघितलं हो' असं म्हणून त्यांना गप्प करू नका. त्यांच्याजवळ बसा, त्यांचा फोन घ्या आणि आधारच्या संकेतस्थळावर त्यांच्या क्रमांकाने आत जा. ओटीपी त्यांच्याच फोनवर येईल. तिथे गेल्या ६ महिन्यांत त्यांचं आधार कधी आणि कोणाकडून पडताळलं गेलं, ते दिसतं. एकेक ओळ त्यांना वाचून दाखवा आणि विचारा, हे तुम्हीच केलं होतं ना? रेशनचा अंगठा, बँकेचं केवायसी, त्यांना आठवेल. न आठवणारी ओळ निघाली तर १९४७ वर फोन लावा, आणि ती बँकेची असली तर त्याच दिवशी बँकेतही जा. मग आधारच्या त्याच संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठ्याने कोणाला व्यवहार करता येणार नाही. रेशनला अंगठा द्यायच्या दिवशी ते उघडावं लागेल. ते त्यांना एकटीला जमणार नाही, तेव्हा दर महिन्याला खजिनदारांच्या मुलालाच तिसऱ्या मजल्यावर पाठवा.