होल्यांचा जोडा (लूक 2:22-24)



जोतिबाच्या डोंगराखाली, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत बाळंत झालेल्या भिल्ल बहिणीला भेटलो. मुलगा नऊ दिवसांचा. "देवाला द्यायला काय बी न्हाई, दादा," ती म्हणाली.

मी शास्त्र उघडले. लेवीय 12 प्रमाणे मुलगा झाल्यास 40 दिवसांनी आईने एक वर्षाचे कोकरू व एक पाखरू अर्पावे. ऐपत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले पुरेत. मरीयेने यरुशलेमेत गरिबाचेच अर्पण नेले. (मागी लोकांचे सोने तोवर पोहोचले नसावे!) नाताळात आपण गव्हाणी सजवतो, ही पाखरे मात्र विसरतो.

"म्हंजी त्याची आय आमच्यावानीच?"

"होय, बाई."

तिने बिनदुधाचा चहा पुढे केला. मी तो घेतला.