प्रत्यारोपणानंतरचे महिने : दात्याच्या पेशींचे कार्य

रुग्णसाहाय्य निधीच्या खिडकीवर एक प्रश्न वारंवार येतो : "अस्थिमज्जा प्रत्यारोपण यशस्वी झाले, मग औषधे आणि तपासण्या अजून का?" देणगीदारांनाही ही शंका असते. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. तज्ज्ञ डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

सर्वसाधारण समजूत अशी, की केमोथेरपी वा किरणोत्सर्गाने रोगट मज्जा नष्ट करावयाची आणि रिकाम्या जागी दात्याची निरोगी मज्जा भरावयाची. हे अर्धेच सत्य आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या काही पेशी या माऱ्यातूनही वाचतात. त्यांचा नाश दात्याच्या मज्जेतून तयार होणाऱ्या प्रतिकारपेशी करतात. १९५६ साली इंग्लंडमधील बार्न्स, लूटिट आदी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांवरून ही शक्यता मांडली होती. पुढे १९७९ साली सिअ‍ॅटल येथील डॉक्टरांना आढळले, की ज्या रुग्णांच्या शरीरावर दात्याच्या पेशींनी हल्ला केला, त्यांच्यात ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण कमी होते.

"जुळा भाऊ असता तर किती बरे झाले असते," असे हताशपणे म्हणणारे आप्त आम्ही पाहिले आहेत. प्रत्यक्षात १९९० साली प्रसिद्ध झालेल्या २,२५४ रुग्णांच्या अभ्यासात एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा मिळालेल्यांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण अधिक दिसले. जुळ्याच्या पेशींना रुग्णाचे शरीर परके वाटत नाही. पण मग कर्करोगही परका वाटत नाही! त्याच वर्षी म्युनिक येथील डॉ. कोल्ब यांनी दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया उलटलेल्या रुग्णांना मूळ दात्याच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी दिल्या आणि रोग हटल्याचे नोंदविले.

परंतु याच पेशी रुग्णाची त्वचा, यकृत आणि आतडी यांवरही उलटतात, आणि हा विकार प्राणघातक ठरू शकतो. म्हणून सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांनी त्यांना आवरावे लागते. अति आवरले तर कर्करोगाला मोकळीक, कमी आवरले तर शरीराची हानी. ही मात्रा रक्ततपासण्या पाहून महिनोन्‌महिने ठरवीत जावी लागते. यास्तव अंगावर पुरळ, जुलाब वा कावीळ दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालयात यावे. बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये.

येथे एक कबुली देणे भाग आहे. आमच्या साहाय्य अर्जात आजवर 'प्रत्यारोपण' हे एकच शीर्षक होते, आणि रुग्ण घरी गेला की खाते बंद होत असे. पैशाअभावी तपासणीची तारीख चुकविणारी कुटुंबे त्यामुळे आमच्या हिशेबात कधी दिसलीच नाहीत. 'प्रत्यारोपणोत्तर औषधे व तपासण्या' हे स्वतंत्र शीर्षक उघडण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला असून, देणगीदारांनी पावतीवर तसा उल्लेख करून घेतल्यास ती रक्कम त्याच कामी खर्च करता येईल.