मोटारसायकलस्वाराचा पेहराव आणि रस्त्यावरील सुरक्षितता

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सायकलीची व बैलगाडीची बरीचशी कामे आता मोटारसायकलीने उचलली आहेत. पहाटे दूध संकलन केंद्रावर कॅन पोहोचविणे, बाजारास भाजीची पोती नेणे, रात्रपाळीची वीज आली म्हणजे पिकास पाणी देण्याकरिता मळ्यावर जाणे, ही कामे बहुधा तिच्यावरूनच होतात. यांतील पुष्कळशी कामे उजेड नसताना अगर तो पुरेसा नसताना करावी लागतात. आणि ऊस गाळपाच्या हंगामात नेमक्या त्याच वेळी ट्रॅक्टर, ट्रक व बैलगाड्या यांची वर्दळ रस्त्यावर असते. अशा स्थितीत मोटारसायकलस्वाराने दुरून नजरेत भरेल असा पेहराव करावा काय, हा प्रश्न शहरवासीयांपेक्षा शेतकऱ्यांच्याच अधिक जिव्हाळ्याचा आहे.

प्रथम अंतराचा हिशेब पाहावा. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर तोडते. समोर काही आहे हे ध्यानात येऊन चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यातच 25 मीटर अंतर संपते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावरही गाडी थांबण्यास आणखी वीस मीटरांहून अधिक जागा लागते. मालाने भरलेल्या ट्रकला याहून जास्त लागते, हे निराळे सांगावयास नको. खाली वळविलेल्या दिव्याच्या झोतात काळी घोंगडी अगर गडद शाल पांघरलेला मनुष्य पुष्कळदा एवढ्या अंतरावरून ओळखूच येत नाही. म्हणजे चालक सावध असला व त्याचा ब्रेक चांगला असला तरी गाडी वेळेवर थांबेल अशी खात्री देता येत नाही.

यावर असा आक्षेप निघतो की, मोटारसायकलीस पुढे दिवा व मागे लाल दिवा असताना कपड्यांची चर्चा कशास हवी? आक्षेप रास्त आहे. परंतु तो शहरातील मोकळ्या गाडीला जितका लागू पडतो तितका शेतकऱ्याच्या गाडीला पडत नाही. वैरणीचा भारा मागे बांधला की लाल दिवा झाकला जातो. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंस लटकले की तीच गत होते. चिखलाने माखलेला दिवा तर असून नसल्यासारखाच. शिवाय पाणंदीतून डांबरी रस्त्यावर येणारी मोटारसायकल हमरस्त्यावरील चालकास बाजूने दिसते, आणि त्या बाजूस दिव्याचा झोत मुळी पडतच नाही. त्या क्षणी चालकाला दिसू शकतो तो स्वाराचा देह व त्यावरील वस्त्र.

नजरेत भरणारे कपडे दोन तत्त्वांवर काम करतात, व त्यांची गल्लत नेहमी होते. फ्लुओरेसंट पिवळा अगर नारिंगी रंग सूर्यप्रकाशातील अदृश्य जंबुपार किरण शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. म्हणून तो दिवसा, ढगाळ हवेत व सांजवेळी विलक्षण उठून दिसतो. वाहनाच्या दिव्यात असे किरण फारच थोडे असल्यामुळे रात्री त्याचे हे वैशिष्ट्य जवळजवळ नाहीसे होते. रात्री उपयोगी पडते ती परावर्तक पट्टी. तीत सूक्ष्म काचमणी अगर लोलक बसविलेले असतात व ते आलेला प्रकाश तो ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवितात. बाजारात या पट्टीस ‘रेडियम’ म्हणतात. हे नाव चुकीचे आहे, कारण तीत रेडियम नसते आणि ती स्वयंप्रकाशीही नाही. पण दुकानदाराला समजेल ते नाव वापरण्यास हरकत नाही.

या पेहरावाचा उपयोग कितपत होतो, याविषयी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील पाहणी महत्त्वाची आहे. 1993 ते 1996 या काळात अपघातात सापडलेल्या 463 मोटारसायकलस्वारांची रस्त्यावरून सुखरूप जाणाऱ्या 1,233 स्वारांशी तुलना करण्यात आली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार परावर्तक अगर फ्लुओरेसंट वस्त्र घालणाऱ्यांना अपघाताचा धोका 37 टक्क्यांनी कमी आढळला. काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांना तो 24 टक्क्यांनी, व दिवसा दिवा चालू ठेवणाऱ्यांना 27 टक्क्यांनी कमी होता. साध्या कपड्यांच्या रंगाचा मात्र धोक्याशी काही संबंध दिसला नाही. सबब, नुसता पांढरा सदरा घातला म्हणजे भागले, असे मानता येत नाही.

अशा तुलनेत एक उणीव राहतेच. चमकदार जाकीट घालणारा मनुष्य मुळातच सावधपणे गाडी हाकणारा असू शकतो, व मग श्रेय जाकिटाचे की स्वभावाचे, हे सांगणे कठीण होते. डेन्मार्कमध्ये 6,793 सायकलस्वारांची चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून एका गटास पिवळी जाकिटे देण्यात आली, तेव्हा ही अडचण बरीचशी दूर झाली. स्वारांनी स्वतः कळविलेल्या माहितीतील कल वजा करूनही जाकीटधारकांत इजा होणारे अपघात 38 टक्क्यांनी कमी भरले. ही पाहणी सायकलींची होती हे खरे, तरी दिसण्याचा प्रश्न दोहोंस समानच आहे.

तथापि जाकीट म्हणजे चिलखत नव्हे. मोटारसायकल आकाराने लहान असल्यामुळे समोरच्या चालकास ती प्रत्यक्षाहून दूर व सावकाश येत आहे असे वाटते. हा नजरेचा दोष कपड्याने फारसा सुधारत नाही. पार्श्वभूमीचाही विचार केला पाहिजे. हिरव्यागार उसाच्या कडेने जाताना पोपटी-पिवळे जाकीट त्यातच मिसळून जाण्याचा संभव असतो. तेथे नारिंगी रंग सरस ठरेल. रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या कामगारांना नारिंगी जाकिटे देतात, ती पाहिल्यास हा फरक ध्यानात येईल.

मग सक्ती करावी काय? फ्रान्समध्ये 2016 पासून मोटारसायकलस्वाराने असे जाकीट जवळ बाळगणे व अडचणीत रस्त्यावर थांबावे लागल्यास ते घालणे बंधनकारक आहे. सदैव घालण्याची सक्ती तेथेही नाही. भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 129 अन्वये हेल्मेट आवश्यक आहे, आणि एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो. जाकिटाची सक्ती झाल्यास गडद कपड्यातील स्वाराला धडक देणारा चालक ‘तो दिसलाच नाही’ असे म्हणून मोकळा होऊ पाहील, ही भीती निराधार नाही. शिवाय ज्याच्या गाडीचा मागचा दिवाच बंद आहे त्यास जाकिटासाठी दंड करणे हे उफराटे होय. आधी दिवा, मग हेल्मेट व त्यानंतर जाकीट हाच क्रम योग्य ठरतो. स्वखुशीने मात्र ते अवश्य वापरावे. त्याची किंमत रुग्णालयातील एका दिवसाच्या खर्चापुढे काहीच नाही.

जाकीट घोंगडीच्या आत घातल्यास व्यर्थ जाते, ते सर्वांत वर असावे. पाठीवर पोते अगर फवारणीचा पंप बांधलेला असल्यास पट्टी त्यावरच लावावी. दुधाच्या कॅनच्या मागील बाजूस लाल व कडेस पिवळी पट्टी चिकटविण्यास खर्च थोडा येतो. हेल्मेटच्या मागे व पायांच्या घोट्यांशीही पट्टी असावी. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 साली दाखवून दिले की, अंधारात सांध्यांवरील थोडे ठिपके हलताना दिसले तरी तो मनुष्य आहे हे पाहणारा तत्काळ ओळखतो. गाडी ढकलत नेताना अगर उतरून चालताना याचा मोठा उपयोग होतो.

चिखल व वारंवार धुणे यांमुळे पट्टीची चमक उतरते. ती तपासण्यासाठी जाकीट रात्री भिंतीवर टांगून पन्नास पावलांवर उभे राहावे आणि विजेरी डोळ्याजवळ धरून झोत टाकावा. विजेरी कमरेशी धरल्यास चांगली पट्टीही मंद भासते, कारण परतलेला प्रकाश विजेरीकडेच जातो, डोळ्याकडे येत नाही. डोळ्याजवळ धरूनही पट्टी निस्तेज दिसली, तर ती बदलावी.