नमुना प्रकल्प चालला, त्यानंतर काय? : एकात्मीकरण सर्व्हर शिकणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल

एकमेकींची भाषा न कळणाऱ्या दोन संगणकप्रणालींच्या मध्ये उभे राहून एकीचा निरोप दुसरीला उमजेल अशा रूपात पोहोचवणाऱ्या व्यवस्थेला एकात्मीकरण सर्व्हर म्हणतात. अशा व्यवस्थेची गरज फक्त बँकांना किंवा विमा कंपन्यांना असते, ही समजूत सोडून दिलेली बरी. धाकटी डहाणूसारख्या मासेमारी बंदरातही बोटीची नोंदणी एका कार्यालयात असते, डिझेलवरील कराच्या परताव्याची कागदपत्रे मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत जातात, मासळीच्या विक्रीचा हिशेब व्यापाऱ्याच्या दप्तरी राहतो, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे आरंभ झालेल्या योजनेमुळे, जिच्याखाली देशभरातील एक लाख बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत, समुद्रातून येणाऱ्या संदेशांची त्यात भर पडणार आहे.

जावा भाषेत या कामासाठी जी मुक्त साधने आहेत त्यांत अपाची कॅमल हे नवशिक्याला सर्वांत सोयीचे ठरते. काटेकोरपणे पाहता कॅमल हा स्वतंत्र सर्व्हर नसून सर्व्हरच्या पोटात चालणारे मार्गरचनेचे ग्रंथालय आहे. २००७ पासून विकसित होत आलेल्या या साधनाची वैचारिक बैठक ग्रेगर होप आणि बॉबी वूल्फ यांनी २००३ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या निरोपवहनाच्या आकृतिबंधांवर आधारलेली आहे. मेव्हन या बांधणी-साधनाला आज्ञा दिली की कॅमलचा एक लहान नमुना प्रकल्प आपोआप तयार होतो. त्यात दोन एक्सएमएल फाइली असतात. फाइलीतील शहराचे नाव लंडन असेल तर ती एका फोल्डरात आणि नसेल तर दुसऱ्या फोल्डरात जाते. नमुना पहिल्या प्रयत्नात चालतो, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते, कारण तो चालावा म्हणून त्यातील प्रत्येक अडचण लेखकाने आधीच दूर सारलेली असते.

पहिला सावधगिरीचा मुद्दा आवृत्तीचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या कॅमलच्या चौथ्या आवृत्तीला किमान जावा १७ लागते आणि तिच्याबरोबर अनेक जुन्या जावा-पॅकेजांची नावे ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ अशी झाली. त्यामुळे दुसऱ्या किंवा तिसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेला नमुना चौथीत ठेवल्यास येणाऱ्या त्रुटींचा शिकणाऱ्याच्या समजुतीशी काहीच संबंध नसतो. नमुन्याच्या बांधणी-फाइलीतील आवृत्ती-क्रमांक वाचल्याशिवाय त्यातील एकही ओळ बदलू नये.

त्यानंतर लंडनच्या जागी ‘धाकटी डहाणू’ लिहावे आणि एका फाइलीत बोटीचे नाव, मासळीचा प्रकार व वजन घालावे. लगेच दिसते की ‘धाकटी-डहाणू’ असे जोडरेघेने लिहिलेली, किंवा नावापुढे एक जागा रिकामी राहिलेली फाइल दुसऱ्या फोल्डरात निमूट जाऊन पडते आणि कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. नमुन्यातील ‘अन्यथा’ची वाट म्हणूनच धोक्याची आहे. खऱ्या कामात अनोळखी नाव आले तर ते बाजूला काढून माणसाच्या नजरेस पडेल अशी सोय हवी.

मराठी मजकुराचे सापळे याहून गमतीचे आहेत. मार्च २०२२ मधील जावा १८ पासून यूटीएफ-८ ही वर्णसंहिता, म्हणजे अक्षरांना अंक नेमून देण्याची पद्धत, मूलभूत मानली जाऊ लागली. त्याआधीच्या जावा १७ वर विंडोज संगणकात स्वतः लिहिलेल्या जावा तुकड्याने संहितेचे नाव न देता फाइल लिहिली, तर ‘घोळ’ या माशाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात. अंकांचे वर्तन तर याहून चमत्कारिक आहे. जावाची पूर्णांक वाचणारी मूळ पद्धत देवनागरी ‘१२’ बिनतक्रार स्वीकारते, पण दशांश अपूर्णांक वाचणारी नेहमीची पद्धत ‘१२.५’ समोर येताच अपवाद फेकते. पूर्ण किलोंची वजने घेऊन चाचणी करणाऱ्याला हा दोष हाती लागणार नाही.

अपवाद फेकला गेल्यावर काय होते, हे प्रत्येकाने मुद्दाम घडवून पाहावे. कॅमलचा फाइल-वाचक ठरावीक अंतराने, मूळ मांडणीत दर अर्ध्या सेकंदाला, फोल्डर तपासतो. अपयशी फाइल जागच्या जागी राहते आणि पुन्हा पुन्हा उचलली जाते, त्यामुळे एका वाईट फाइलीने नोंदवही काही मिनिटांत फुगते. अपयशी फाइल वेगळ्या फोल्डरात हलवण्याचा पर्याय उपलब्ध आहे, मात्र नमुन्यात तो वापरलेला नसतो.

नमुन्यातील आणखी एक पर्याय नीट समजून घेण्याजोगा आहे. फाइल वाचल्यावर ती हलवू नये असे सांगणारा हा पर्याय वापरला की कॅमल आधी वाचलेल्या फाइलींची आठवण ठेवतो. परंतु ती आठवण केवळ स्मृतीत असते आणि तिची मूळ मर्यादा एक हजार नोंदींची असते. वीज जाऊन संगणक बंद पडला, किंवा हजाराच्या पुढे फाइली साठल्या, तर जुन्या फाइली पुन्हा नव्या म्हणून वाचल्या जातात. लंडनच्या नमुन्यात याने काही बिघडत नाही. डिझेलच्या परताव्याच्या नोंदीत मात्र एकाच बोटीचा दावा दोनदा पुढे जाईल. म्हणून आठवण डिस्कवर किंवा विदागारात ठेवावी आणि ओळख फाइलीच्या नावावरून न करता बोट, दिनांक व पावती यांच्या संयोगावरून करावी. हा एक बदल स्वतः करून, मध्येच संगणकाची वीज बंद करून तपासणाऱ्याला दहा नमुने चालवणाऱ्यापेक्षा अधिक कळते.

शेवटची चाचणी फाइली न येण्याची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, म्हणजे दोन महिने बंदरातून विक्रीची एकही नोंद येणार नाही. बहुतेक नमुन्यांत इतकी दीर्घ शांतता गृहीत धरलेली नसते, आणि बंदीमुळे रिकामे राहिलेले फोल्डर व तारा तुटल्यामुळे रिकामे राहिलेले फोल्डर सर्व्हरला एकसारखेच दिसतात. त्यामुळे पाठवणाऱ्या बाजूने रोज एक रिकामा ‘हजर आहे’ असा निरोप यावा आणि तो न आल्यास इशारा मिळावा, एवढी वाट प्रत्येक शिकणाऱ्याने आपल्या पहिल्याच प्रकल्पात बांधून घ्यावी.