‘तुम्ही’ नव्हे, ‘आपण’

वाचकहो, कारखान्यात वा कचेरीत आपल्या हाताखाली चार माणसे काम करीत असतील, तर नहेम्याच्या पुस्तकाचे २ ते ६ हे अध्याय सलग वाचा. यरुशलेमेत आल्यावर नहेम्याने रात्री कोटाची पाहणी स्वतः केली. तोवर मनातला बेत कोणालाही सांगितला नाही. मग तो लोकांशी बोलला (२:१७). ही दुर्दशा ‘तुमची’ आहे, असे तो म्हणत नाही. तीत तो स्वतःलाही धरतो. इब्री भाषेत ‘आम्ही’ व ‘आपण’ यांना एकच रूप आहे. मराठी भाषांतरकाराला मात्र निवड करावीच लागते, आणि येथे ‘आम्ही’ लिहिले तर ऐकणारेच बाहेर राहतात!

नावांच्या यादीमुळे तिसरा अध्याय आपण बहुधा गाळतो. पण कोणी कोणता भाग बांधला हे तेथे नावानिशी लिहिले आहे. ज्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही, त्यांचीही नोंद आहे. कोट ५२ दिवसांत पुरा झाला.

मध्यंतरी गोरगरिबांचे गाऱ्हाणे आले: शेते गहाण, मुले दास्यात. नहेम्या संतापला, तरी मनाशी विचार करून मगच सावकारी करणाऱ्या सरदारांना तोंडावर बोलला. त्याच अध्यायात तो आपलाही हिशेब देतो: देशाधिकारी असताना १२ वर्षे त्याने त्या पदाचा शिधा घेतला नाही.